शर्टाच्या साक्षीने बंद झालेले खांद्याचे उपचार

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
अस्थिरोग विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : उजव्या खांद्याचे बंद केलेले उपचार पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : ‘हात डोक्याच्या वर जातो, सबब उपचार बंद’ हे आपले पत्र.

महोदय,

वरील पत्राला मी आजवर उत्तर दिले नाही. तपासणी अधिकारी शिकलेले आहेत, चूक माझ्याच खांद्याची असेल, असे वाटले. दार लावून आरशासमोर हात उचलून पाहिला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. तरी बरेच दिवस माझा विश्वास आरशापेक्षा आपल्या पत्रावरच होता.

१. आपल्या विभागात शर्ट खुर्चीवर ठेवण्यास मनाई असून तो भिंतीवरील खुंटीला अडकवावा लागतो. खुंट्या माझ्या डोक्याच्या हातभर वर आहेत. आखडलेल्या खांद्यांच्या विभागात त्या इतक्या उंच ठोकण्यामागे काही शास्त्र असणार. ग्रंथालयातील पुस्तके चाळूनही मला ते सापडले नाही.

२. तपासणीच्या दिवशी माझा डावा हात तिथवर पोहोचेना, म्हणून शर्ट रांगेत माझ्या शेजारी असलेल्या उंच रंगाऱ्याने अडकवला. त्याचा डावा खांदा गेलेला आहे. “आणा काका, आपल्या दोघांत मिळून दोन हात धड आहेत,” असे तो म्हणाला. अधिकारी महोदयांनी खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिले आणि ‘हात वर जातो’ असे कागदावर लिहिले. मध्ये मी उघडा उभा होतो; माझ्याकडे पाहण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. “साहेब, दुखणं यांना आहे, शर्टाला नाही,” असे रंगारी बोलून गेला. त्याचेही उपचार बंद झाले.

३. शेक आणि दोरीचा व्यायाम यांनी हात सुटू लागला होता, तो पुन्हा आखडला आहे. पत्नी माझा भांग पाडते व “लग्नातसुद्धा एवढं नटवलं नव्हतं कुणी तुम्हाला,” असे सुनावते. वरच्या फळीवरील पुस्तके मी पाठीवरच्या नावांपुरतीच वाचतो. आता हयगय झाली तर सांधा कायमचा धरेल, असे आपल्याच व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बजावले आहे.

४. सबब, शर्ट बरा झाला असल्यास आनंदच आहे; माझे व रंगाऱ्याचे उपचार मात्र सुरू करावेत. फेरतपासणीस मी शर्ट घरी ठेवून, उघड्या अंगाने रस्त्यातून येण्यास तयार आहे. मला लाज वाटेल. आपल्या विभागाला वाटण्याची अपेक्षा नाही.

हे पाकीट मी आता कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकणार आहे. पेटीचे तोंड उंच आहे. “द्या इकडे,” म्हणून पत्नीने हात पुढे केला. मी दिले नाही. डाव्या हाताने टाकणार आहे. पत्र पोहोचले त्याअर्थी हात वर जातो, असा शेरा कृपया मारू नये.

आपल्या नजरेतून सुटलेला,
एक नम्र रुग्ण

दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे