ताईने आधीच दिलेली वाढ

ता. ९ ऑक्टोबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

चार महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कामं होती, पण तुला दोन ओळीही लिहिता येऊ नयेत एवढी नव्हती. लिहायला बसलो की एकच प्रश्न पेनाच्या टोकाशी यायचा, आणि तो तुला विचारावा की नाही हे ठरेपर्यंत कागद कोराच राहायचा. आज विचारतोच.

किमान वेतन ठरवणाऱ्या सल्लागार समितीवर मला घेतलंय हे तुला माहीत आहे. संख्याशास्त्र शिकवणारा कुणीतरी हवा होता. लाँड्री, शिवणकाम, हॉटेलं अशा छोट्या धंद्यांतला कमीत कमी पगार आठव्या हिश्शाने वाढवायचा, की मंदी ओसरेपर्यंत वर्षभर थांबायचं, एवढाच मुद्दा आहे. आम्ही नऊ जण. चौघे म्हणतात, महागाई थांबलेली नाही, मग पगाराने का थांबावं? चौघे म्हणतात, गिऱ्हाईक नसताना पगार वाढवले तर दुकानं बंद पडतील आणि आहे तोही पगार जाईल. नववा मी. सध्या दोन्हीकडचे लोक मला आग्रहाने चहा पाजतात.

मी थांबण्याच्या बाजूला झुकलोय. ऐंशी दुकानांचा तक्ता केला, त्यातली अकरा बंद पडतील असं दिसतं. पण खरं सांगू? तक्ता करताना प्रत्येक दुकानाच्या जागी मला तुझीच लाँड्री दिसत होती. मग हे मत आकड्यांचं की भावाचं? अध्यक्षबाईंना जाऊन म्हटलं, मला मोकळं करा, माझी थोरली बहीण लाँड्री चालवते. त्या निवृत्त न्यायाधीश आहेत. चष्म्यावरून बघत म्हणाल्या की ज्याच्या घरात पगार देणारं किंवा घेणारं कुणीच नाही असा माणूस आणून दाखवा, लगेच सोडते. आणि बहिणीला काय विचारायचं ते खुशाल विचारा, फक्त लपवू नका.

म्हणून विचारतो. हॉटेलांच्या चादरी कमी झाल्याचं ऐकलंय. अशात पगार आठव्या हिश्शाने वाढवावे लागले, तर लाँड्री तग धरेल का? मला बरं वाटेल असं नको, असेल तसं लिही. बैठक एकवीस तारखेला आहे.

दाजींना नमस्कार. रागावलीस तर रागाने लिही, पण लिही.

तुझा,
धाकटा


ता. १४ ऑक्टोबर

चि. मास्तर यांस,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी मटकन खाली बसले, आणि दाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. का ते ऐक.

तू चार महिने गप्प. तुझी खोड मला लहानपणापासून पाठ आहे. माझं काही मोडलंस की तू तोंडाला कुलूप घालायचास. माझी छत्री मोडलीस तेव्हा तीन दिवस बोलला नव्हतास. मी दाजींना म्हटलं, समितीने पगार वाढवलेत, कागद निघायचा तेवढा बाकी आहे, आणि आपलं नुकसान होणार म्हणून हा शहाणा पत्र टाकायला घाबरतोय. मग कागदाची वाट कशाला बघायची? आठव्या हिश्शाचा आकडा पेपरात आलेलाच होता. एक सप्टेंबरपासून मी नवे पगार सुरू केले. वर बायकांना ऐटीत सांगितलं की भाऊ समितीवर आहे, आम्हाला आतली बातमी असते.

आणि आता तू लिहितोस की काही ठरलेलंच नाही!

दाजी म्हणाले, मग घे वाढ परत. मी म्हटलं, तुम्हीच जा आणि इंजिनला सांगा. इंजिन म्हणजे आमची सगळ्यात जुनी इस्त्रीवाली. दिवसभर वाफेपाशी उभी असते आणि बोलायला लागली की वाफच सोडते. दाजी गुपचूप गाडी काढून चादरी पोचवायला गेले.

तेव्हा तुझं ते ‘वाढवावे लागले तर’ इथे सहा आठवडे चालू आहे. असेल तसं लिहिते. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी चार टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं. माझ्याकडच्या नऊ बायकांपैकी तिघी दोन वाजले की दुसऱ्या कामाला पळायच्या, कारण इथल्या पगारात भागत नव्हतं. जोड्या मोडायच्या. इस्त्री झालेल्या चादरी घडीविना टोपल्यांत चुरगळायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच पुन्हा पाणी मारून पुन्हा इस्त्री. इतकी वर्षं मला वाटायचं, हा धंदाच असा. आता तिघींपैकी दोघींनी ते दुसरं काम सोडलंय आणि संध्याकाळी टोपल्या रिकाम्या असतात. परवा एका हॉटेलवाल्याने विचारलं, नवीन मशीन घेतलंत का?

पण लगेच टाळ्या वाजवू नकोस. काम तिसऱ्या हिश्शाने घटलंय. मी स्वतःसाठी घेते ते निम्मं केलं. सोमवारी लाँड्री बंद ठेवते. तेवढ्यानेही भागेना तेव्हा इंजिननेच सगळ्यांच्या वतीने सांगितलं की रोज एकेक तास कमी करा, पण कुणाला काढू नका. तरीही सगळ्यात शेवटी लागलेल्या बाईला मला उद्यापासून येऊ नकोस म्हणावं लागलं. ती अ‍ॅप्रन घडी करून ठेवून गेली. हे वाढीमुळे झालं की चादरीच नाहीत म्हणून, ते मला सांगता येत नाही. तुझ्या तक्त्यात तिलाही धर.

लाँड्री वर्ष काढेल का? माहीत नाही. जुन्या पगारात काढलं असतं याचीही खात्री नाही. पण माझ्यासाठी म्हणून ‘थांबा’ म्हणणार असशील तर तसं करू नकोस. तुमचं काहीही ठरो, दिलेली वाढ मी परत घेणार नाही. मग थांबायला सांगून तू कुणाला वाचवणार? समोरच्या लाँड्रीवाल्याला! तो जुन्या पगारात स्वस्त धुऊन माझी हॉटेलं पळवेल. आता ही माझी शिफारस समजू नकोस. ओघात आलं म्हणून लिहिलं. मत तुझं.

वेळेवर जेवत जा, आणि काळजी करायचीच असेल तर स्वतःच्या तब्येतीची कर. माया आहे तेवढीच आहे.

तुझी,
ताई


ता. २० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छत्री वाऱ्याने मोडली होती. एवढं सोडून तुझ्या पत्रातलं सगळं मान्य.

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा लाज वाटली. ऐंशी दुकानांना मी माणसं किती, काम किती, पगार किती ते विचारलं होतं. एकच चादर दोनदा इस्त्री का होते, हे एकालाही विचारलं नाही. आणि तुझी काळजी म्हणून मी जे उराशी धरून बसलो होतो, त्यात माझीही सोय होतीच. बहिणीचं नाव पुढे केलं की मत द्यायचं धाडस करावं लागत नाही.

तरी एका लाँड्रीवरून आणि सहा आठवड्यांवरून नियम काढता येत नाही, असं मी वर्गात शिकवतो. म्हणून जी अकरा दुकानं बंद पडतील असं मी मांडलं होतं, त्यांतल्या सात मालकांना चार दिवसांत जाऊन भेटलो. दोघांनी सरळ सांगितलं, वाढ झाली की कुलूप. एकाने वर मला दरवाजाही दाखवला. पण चौघांच्या तोंडी साधारण एकच वाक्य होतं: माणसं टिकत नाहीत हे दिसतंय हो, शेजाऱ्याने पगार वाढवले तर मीही वाढवीन, एकट्याने कसं करायचं? सातवा नुसताच खांदे उडवून कामाला लागला. तू एकटीनेच केलंस, तेही गैरसमजाने, हे त्यांना सांगायचा मला फार मोह झाला. सांगितलं नाही. पण परतीच्या वाटेवर मात्र ताठ मानेने चाललो, जणू ते मीच केलं होतं.

न विचारता तुझं पत्र अध्यक्षबाईंना दाखवलं, त्याबद्दल माफ कर. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, समितीवर घेताना आमची चूक झाली, घरातलं दुसरं माणूस घ्यायला हवं होतं. मला ते पटलं.

मी वाढीच्या बाजूने मत देणार आहे. ते चुकीचंही ठरू शकेल. त्या दोन कुलुपांचं ओझं माझ्यावर राहील, आणि अ‍ॅप्रन ठेवून गेलेल्या बाईचंही. मतासोबत लिहून देणार आहे की सहा महिन्यांनी कुणाकुणाचं काम गेलं ते दारोदार जाऊन मोजावं, आणि मोजायला मी जाईन. सुरुवात तुझ्याकडून.

तुझ्या पत्रातून पुन्हा एक अडचण निघालीच. वाढ झाली तर समोरच्या लाँड्रीवाल्यालाही ती द्यावी लागेल, म्हणजे माझ्या मताने तुझा फायदा आहे. हसू नकोस. दाजींनाही हसू देऊ नकोस.

इंजिनला माझा नमस्कार सांग. तुझ्यासारखी थोरली बहीण असताना आणखी काय मागू? अधूनमधून अशीच खरडपट्टी काढत राहा.

तुझा,
धाकटा

उद्याचं काम: वाढीत माझ्या बहिणीचा फायदा आहे हे आधी उभं राहून सांगायचं, आणि तरीही हात वर करायचा.