पत्त्याच्या शेवटचं चिन्ह

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. गंगापूर रोडच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तुम्ही मला पायथन शिकवलंत, तेही स्वतःची खुर्ची देऊन. माझा कॉम्प्युटर सदा रुसलेला, म्हणून तुम्ही तुमच्या मशीनचा पासवर्डच सांगून ठेवला होता. द्राक्ष बागायतदारांच्या ॲपवर कुणी लिंक टाकली, तर ती आपल्याच साइटची आहे का, हे तपासायचं होतं. त्यासाठी तुम्ही रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलंत, म्हणजे पत्ता कसा असावा याचा साचा. त्याच्या शेवटी डॉलरचं चिन्ह: पत्ता इथेच संपला पाहिजे, त्यानंतर एकही अक्षर चालणार नाही. मी ते एकदा विसरलो तेव्हा चांगलंच झापलंत. "पुढचं नाव ओळखीचं दिसलं म्हणून कुणालाही घरात घेशील का? पत्ता शेवटपर्यंत वाच."

डेमोचा दिवस. तुम्ही जेवायला घरी गेलेले, मी तुमच्या खुर्चीत. आपल्याच साइटच्या एका आतल्या पानाची लिंक अडकतेय, कारण तिच्या शेवटी दोन शब्द जास्तीचे आहेत. साच्यात त्यांची सोय करायला अर्धा तास लागेल. मी सरळ डॉलर काढून टाकतो. डेमो झकास झाला आणि चिन्ह परत घालायचं मी विसरलो. महिन्याभरात कुणीतरी पुढे आपल्या साइटचं नाव आणि मागे स्वतःचं शेपूट लावलेला पत्ता टाकला. साच्याने तो आपला समजून आत सोडला, आणि निफाडकडच्या बागायतदारांनी त्या खोट्या पानावर पासवर्ड भरले. कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद मालकांनी उघडली. बदल तुमच्या नावावर, वेळ दुपारी दीडची. तुम्ही ती वेळ वाचलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. मी मान खाली घातली.

"माझ्या मशीनवरून झालंय, म्हणजे माझीच चूक," एवढंच म्हणालात. त्याच आठवड्यात तुमची नोकरी गेली. पुढे तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी सफरचंदं घेऊन आलो आणि तासभर क्रिकेटवर बोललो. मला माझी लाज वाटते, सर.

हे पत्र काकूंना नेऊन द्यावं असं मनात होतं. त्या अजून सिडकोतल्या तुमच्याच घरी राहतात, पण माझ्याच्याने ते होणार नाही. आता मी नव्या मुलांना शिकवतो आणि दर बॅचला हा किस्सा सांगतो. आमचे एक सर होते, म्हणतो, फार हुशार, पण त्यांच्याकडून एकदा डॉलर राहून गेला. मुलं हसतात. कालही तसंच सांगितलं.