साचे गेले, आम्ही राहिलो

आबा, आज कंपनीनं तिसऱ्या भारी गाडीचा ब्रँडसुद्धा विकून टाकला. कॅन्टीनच्या टीव्हीवर बातमी लागली, सगळ्यांनी माना वर करून बघितलं आणि परत जेवायला लागले. मी ताट तसंच ठेवून उठले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशीच बोलावंसं वाटलं, कारण पहिला ब्रँड विकायला काढला तेव्हा तो बाजार तुम्ही स्वतः बघितला होता.

ही परदेशी कंपनी रांजणगावला आली तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते. कंपनीच्या स्वतःच्या साध्या गाड्या होत्याच, शिवाय श्रीमंतांच्या गाड्यांचे तीन ब्रँड तिनं विकत घेतले होते. त्यांतल्या एका गाडीच्या स्टिअरिंगवर हातानं कातडं शिवायला पोरी हव्या होत्या. तुम्ही रेल्वेत खलाशी, उभा जन्म उन्हात काढलेला. पोरगी पंख्याखाली बसून पगार घेणार याचंच तुम्हाला अप्रूप. दोन वर्षांनी मी दौंडच्या क्वार्टरमध्ये, आई भाकरी थापत असताना, हळूच म्हणाले की नोकरी सोडते, डी.एड. करून शिक्षिका होते. तुम्ही ताट सरकवलंत. "परमनंट नोकरी कुणी सोडतं व्हय? परत ही गोष्ट तोंडातून काढायची न्हाई." आईचा हात पिठातच थांबला. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून बोटात घालायचं पितळी टोपण आणलंत, सुई टोचू नये म्हणून. माझ्यापुढं ठेवलंत. मी ते घातलं आणि विषय संपला.

मग लग्न होऊन शिरूरला आले. पहाटेची कंपनीची बस, संध्याकाळची बस. अशात एक दिवस साहेबांनी कातडं शिवणाऱ्या आम्हा चौघींना बोलावून सांगितलं की आपला ब्रँड विकायचाय, सौदा होईपर्यंत कुणी राजीनामा द्यायचा नाही, मोठी रजा मागायची नाही. गिऱ्हाइकाला तयार हात दाखवायचे आहेत. आमच्यासाठी काचेची खोली बांधली. ऑर्डरी तर आटल्याच होत्या. मग पाहुणे यायचे त्या दिवशी आम्ही एकच स्टिअरिंग शिवायचो, ते गेले की उसवायचो, आणि दुसरे आले की तेच पुन्हा शिवायचो. काचेपलीकडून माणसं बघतायत, आपण मान खाली घालून टाके घालतोय. घरी आल्यावरसुद्धा पाठीवर नजरा असल्यासारखं वाटायचं.

त्यात तो फॅमिली डे आला, घरच्यांना कंपनी दाखवायचा दिवस. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दौंडहून न्हावऱ्यावरून एसटीनं आलात. मी काचेच्या आत बसले आहे, तुम्ही बाहेर, आणि तुमच्या शेजारी ते परदेशी पाहुणे. त्यांनी आमच्याकडं बोट करून काहीतरी विचारलं. साहेबांनी उत्तर दिलं आणि हसत हसत शेजारच्या सुपरवायझरला मराठीत सांगितलं, "म्हटलं, साचे, मशिनी आणि ह्या चौघी, सगळं सोबतच येतं." काचेतून मला ऐकू आलं नव्हतं. मला फक्त तुमचा चेहरा दिसला.

ते बोलणं तुम्ही मला नंतर सांगितलंत, बसस्टॉपच्या बाकावर. मी लाडवाचा डबा उघडून पुढं केला, तुम्ही घेतला नाहीत. "काष्टीच्या बाजारात म्हैस बघत्यात तसं बघत व्हते गं तुला," तुम्ही म्हणालात. "सोड ही नोकरी. मी तवा उगाच अडवलं. तुला शिकायचं व्हतं, शीक."

मी म्हणाले, "आता कुठं, आबा. बघू."

"बघू न्हाई. सोड."

तेवढ्यात तुमची एसटी आली. त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. पुढं सौदा झाला, आणि गंमत बघा, गिऱ्हाइकानं ब्रँड नेला, लाकडी खोक्यांत भरून साचे नेले, मशिनी नेल्या. आम्हाला नेलं नाही. आम्ही चौघी परमनंट, म्हणून आम्हाला साध्या गाडीचं रेक्झिन शिवायला बसवलं. राजीनाम्याची अडवणूक त्याच दिवशी उठली. कामावर माझ्या शेजारी बसणारी महिन्याभरात बाहेर पडली, शिरूरला तिचा शिवणक्लास चांगला चालतो. "तू पण चल की," म्हणत होती. माझ्या घरातूनही कुणाची ना नव्हती. मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसले, आणि अजून बसतेच आहे. आधी दुसरा ब्रँड गेला, आज तिसरा गेला. मी त्याच शेडमध्ये आहे.

माझी लेक आता कॉलेजात आहे. तिनं एकदा विचारलं, "आई, तू शिक्षिका का नाही झालीस?" मी सांगितलं, आबांनी नोकरी सोडू दिली नाही. नवऱ्याला, भावाला, सगळ्यांना मी हेच सांगत आले. तुमच्यावर त्यांचा थोडा रागही आहे, आणि मी तो राहू दिला.

हे सगळं लिहिलेला हा कागद मी घरात ठेवणार नाही, आबा. लेकीच्या हाती लागला, तर तुम्ही मला मोकळं केलं होतंत हे तिला कळेल. मग मी का राहिले ते तिला सांगावं लागेल, आणि मला बाहेर पडायचीच भीती वाटत होती, हे तिच्यासमोर म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.