तिसऱ्यांदा विचारणारे डॉक्टर

डॉक्टर नौफेल यांना हशमीचा सलाम.

अल्हमदुलिल्लाह, मी मजेत आहे.

तुम्ही जर्मनीला गेलात, तुमच्या खुर्चीवर आता नवीन डॉक्टरीणबाई बसतात. पोरगी गुणी आहे, हाताला हळुवार आहे. पण बाहेर चार गावांची माणसं ताटकळलेली, ती एकटी कुठं कुठं पुरणार?

माझ्या मबरूकाला मीच दवाखान्यात घेऊन गेलो. जैतुनाची फळं उतरवताना तिच्या छातीत कळ यायची आणि ती झाडाला टेकून उभी राहायची. बाईंनी विचारलं, "कशा आहात, खाला?" ही म्हणाली, "अल्हमदुलिल्लाह, ठणठणीत." मी बोलायला गेलो तर माझा हात दाबला.

आपल्याकडे पहिल्याच विचारण्याला कोण रडगाणं गातं? तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही पेन खाली ठेवून पुन्हा विचारायचात, तरी ती हसायची. मग तिसऱ्यांदा म्हणायचात, "मी काय तुझ्या सासरचा पाहुणा आहे, मबरूका? खरं सांग." तेव्हा कुठं ती बोलायची.

बाईंनी एकदाच विचारलं. अंगदुखीच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढच्याला हाक मारली.

निम्मी फळं झाडावरच होती, तेव्हा मबरूका गेली.

आता गल्लीत सगळे विचारतात, कसा आहेस. मी अल्हमदुलिल्लाह म्हणतो आणि ते पुढे जातात.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. मी मजेत आहे असं वर लिहिलंय, त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. तुम्ही फोन करून पुन्हा विचाराल. आणि तिसऱ्यांदा विचारलंत, तर मला सांगावं लागेल.

मबरूकाचा नवरा,
हशमी