पुढची खोली आणि चौबगला

अल्लाचं नाव घेऊन मी, सलीमा तौहिद शेख, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार मशिदीमागची गल्ली, नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. शाळा चौथीपर्यंत, म्हणून ओळी वाकड्या आहेत. डोकं सरळ आहे. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते, हे वकीलसाहेबांनी समोर बसून पाहिलं. कोणाची जबरदस्ती नाही. मी खुशीत आहे. हे लिहायला कोणी सांगितलं नाही, तरी लिहिते.

एक. बँकेत आहे त्यातून आधी माझं कफनदफन. कफनाला शिलाई नसते. आयुष्यभर लोकांना शिवून घातलं, आता बिनशिलाईचं जायचं. मापं घेत बसू नये. उरेल ते जहीरचं. जहीर माझा एकुलता मुलगा, मालाचा टेम्पो चालवतो.

दोन. घराच्या तीन खोल्या एकामागे एक. मधली आणि मागची जहीरला. पुढची, रस्त्याकडची, जहीरची मुलगी म्हणजे माझी नात अर्शिया हिला. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या आणि कागदी कटिंगची, म्हणजे मापाच्या नमुन्यांची, पेटी यांसकट.

अर्शिया बडोद्याला बॅलेचे कपडे तयार करायला शिकली. बॅले म्हणजे पायाच्या बोटांवर उभं राहून करायचा विलायती नाच. बोलायचं नाही, सगळं अंगाने सांगायचं, त्यामुळे निम्मं कपड्यालाच सांगावं लागतं. मला कळायला वेळ लागला. नाचाची पहिली चोळी मी शिवली ती नाचणाऱ्या मुलीचे हात खाली ठेवून माप घेऊन, आपण घेतो तशी. मुलीने हात वर केले आणि कंबरेचा पट्टा बरगड्यांवर चढला. अर्शिया रडकुंडीला आली.

"दादी, यांचे हात खाली कधी नसतातच."

मग मला रूपचंद आठवला. हा आमचा लग्नातला बँडवाला. चाळीस वर्षांपूर्वी नवा कोट दारात आपटून म्हणाला होता, "मावशी, हात वर कया का बगल फाटी जास. मी काय हात बांधी वाजाडू?" तेव्हा त्याच्या कोटाला मी चौबगला घातला. कुरत्याला बगलेखाली चौकोनी तुकडा जोडतात, तो. हात उचलला की तो उघडतो, बाकी कपडा जागचा हलत नाही. तोच मी चोळीला घातला. अर्शियाला शिकवणाऱ्या बडोद्याच्या बाई शिवण उलटून बघत राहिल्या.

तीन. रमिलाबाई माझ्याकडे चुण्या घालते. पुढच्या खोलीत खिडकीजवळची तिची जागा कोणी हलवू नये. तिचं घर मणिबेलीला होतं, ते धरणाच्या पाण्यात गेलं. अर्शिया ज्या बॅलेचे कपडे करते त्यात गाव बुडतं, आणि बारा मुली पाणी होऊन नाचतात. त्यांच्या घागऱ्यांसाठी निळी जाळी आणली होती. रमिलाबाईने ती हातात घेऊन परत ठेवली. म्हणाली, "पाणी निळं नव्हतं, बाई. मातीचं होतं. चुलीपर्यंत आलं तेव्हा चुलीच्याच रंगाचं." अर्शियाने निळी जाळी परत केली, पांढरी आणली आणि आम्ही तिघींनी ती चहाच्या पाण्यात रंगवली. उरलेली जाळी रमिलाबाईची.

चार. आता भांडणाचं. जहीरला पुढच्या खोलीत त्याच्या मुलाचं, मुजाहिदचं, मोबाइलचं दुकान टाकायचं आहे.

"अम्मी, पोरगी सासरी जाईल. खोली काय डोक्यावर नेणार?"

"नेता येत नाही, म्हणूनच तर परत येत राहील."

तंग कपडे, उघडे पाय, गल्ली काय म्हणेल, हेही तो बोलला. ते मी माफ केलं, विसरले नाही. पण मागच्या डिसेंबरात बडोद्याचा खेळ त्याने शेवटच्या रांगेत बसून बघितला. येताना विसरवाडीला थांबलो. तिथे चहा घेताना म्हणाला, "अम्मी, बाराच्या बारा जणींनी हात वर केले. एकीचाही पट्टा सरकला नाही." शिंप्याचं पोर आहे ते. टेम्पो चालवला म्हणून नजर जाते का?

पाच. वकीलसाहेब सांगतात, शरियतप्रमाणे मला तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मनासारखं देता येतं. खोल्या तीन, मला हिशोब सोपा वाटला. पण पुढची रस्त्याला लागून, तिची किंमत तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाते. वरच्या भागाला जहीरने हो म्हणावं लागेल, तेही मी गेल्यावर. तेव्हा समजावायला मी नसेन. म्हणून खाली एक ओळ त्याच्यासाठी कोरी ठेवली आहे.

जहीर, बेटा, दोन वर्षांचा होतास तेव्हापासून तुझ्या प्रत्येक कुरत्याला चौबगला मीच घातला. हात उचलताना तुला कुठे अडणार नाही.

हे वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

सलीमा तौहिद शेख
नंदुरबार, १२ फेब्रुवारी २०२५

आमच्यासमोर सही झाली:
१. रूपचंद, बँडमास्तर (सही)
२. रमिलाबाई, मूळ राहणार मणिबेली (डाव्या अंगठ्याचा ठसा)

पुढची खोली अर्शियाला देण्यास माझी संमती आहे.
जहीर तौहिद शेख: ____________