अमावस्येची गाठ

२ जानेवारी १९३८, ब्राह्मणपुरी

परत रक्त! परत अमावस्येलाच. बेंबीतली चिंचोक्याएवढी काळसर गाठ सुजते, ठणकते, लुगड्याला डाग पडतो. सासूबाई म्हणाल्या, "हाई कोन्ही तरी करेल शे." करणी म्हणे! नाव घेतलं नाही. पण नजर चुलीकडे — तिथं माझी थोरली विधवा जाऊ, तापीबाई, भाकरी थापत होती.

९ जानेवारी

तापीबाईनं माझी वेणी घातली. फणीतले केस कुठे टाकले? म्हणाली, उकिरड्यावर. जाऊन पाहिलं — नव्हते! सासूबाईंना सांगून टाकलं. आता तिच्या हातचं खात नाही.

३१ जानेवारी

अमावस्या. आलंच! तापीबाईनं डाग पाहिला. "माले दखाड." मी नको म्हटलं, ऐकेना. गाठ पाहून म्हणाली, "हाई भगतनं काम नही. नंदुरबारले चाल, दवाखानामा बाईडाक्टर शे." यांनाही तिनंच राजी केलं. हिला एवढी घाई कसली?

३ फेब्रुवारी, नंदुरबार

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रक्त कधी येतं?

"अमावस्येला."

"अमावस्या राहू द्या. पाळी कधी येते?"

तेव्हाच! हल्ली दर वेळी तेव्हाच!

गर्भपिशवीला आतून अस्तर असतं म्हणे, तसलंच बेंबीत वाढलंय. पाळीत तेही रक्त टाकतं. मूल न राहण्याचं कारणही कदाचित तेच. मग म्हणाल्या, "हे कुणी केलेलं नाही." मी तर करणीचा शब्दही काढला नव्हता! तापीबाईनंच सांगितलं असणार. म्हणजे मी तिला काय समजते, ते तिला ठाऊक होतं. तरी घेऊन आली? का?

८ फेब्रुवारी

गाठ काढली. शुद्धीवर आले तेव्हा तापीबाई उशाशी. पेज भरवली. खाल्ली.

२१ फेब्रुवारी

मुंबईहून गाठ तपासून आली. बाई म्हणाल्या तेच निघालं. कर्करोग नाही!

२३ फेब्रुवारी, ब्राह्मणपुरी

अंगणात भगत, निम्मं गाव गोळा झालेलं. सासूबाई तापीबाईवर ओरडल्या, "डाकीन! घरमा पाय ठेवू नको!" कुणीतरी दगड मारला — कपाळ फुटलं तिचं. मी मधे पडले. डॉक्टरीणबाई बोलल्या ते सगळं सांगितलं. सगळ्यांदेखत पदर सारून टाके दाखवले! सासूबाई म्हणाल्या, "तूच तं सांगेल व्हतं माले!" हे मान खाली घालून उभे.

तिचा हात धरला आणि निघाले.

२७ फेब्रुवारी, धानोरा

माहेरी हे मला न्यायला आले. मी विचारलं, "दोघींना?"

गाडी रिकामी परतली.