दिवाणजींनी कबूल केलेला खून

सर, त्या दुपारी सदरला मामाकडे जातो असं घरी सांगून मी खापरखेड्याहून एस.टी.त बसलो आणि रंगमंदिरात कॉलेजच्या नाटकाला आलो. मागच्या रांगेत बसलो. नाटक मला अख्खं पाठ होतं, कारण त्यातली डॉक्टरची भूमिका तीन महिने माझी होती. तालमीत एक जण तिच्यावरून, आपल्या नाटकातल्या नायिकेवरून, काही बोलला, मी त्याच्या कानाखाली वाजवली, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हात आवरत नसेल तर उद्यापासून तालमीले येऊ नको." तुम्ही तालमीचं बोललात, मी रागानं कॉलेजच सोडलं. बाबांनी पॉवर हाउसात कोळशाच्या कामावर चिकटवून दिलं. तिला मी साधी चिठ्ठीही धाडली नाही. वाटायचं, तीच विचारत येईल.

पडदा वर जातो. मालकांचा खून झालेला, ती त्यांची पुतणी. तुम्ही घरातले जुने दिवाणजी, पांढऱ्या मिशा, हातात काठी. दुसऱ्या अंकात डॉक्टर नाडी पाहायला तिचा हात धरतो. मी चार आकडे मोजून सोडायचो, तुम्हीच तसं बसवलं होतं. हा नवा डॉक्टर सोडेचना. आणि ती हसली. संहितेत हसू नव्हतं, सर. मी उभा राहून ओरडलो, "डॉक्टरनं मारलं! खुनी डॉक्टर आहे!"

शेजारच्या बाई खेकसल्या, "काय झालं गा पोरा तुले? आमाले पाहू दे न!" तिनं अंधारात पाहिलं. आवाज ओळखला होता तिनं. तेवढ्यात तुम्ही काठी टेकत पुढे आलात. "डॉक्टरसाहेब, बाहेर तुमचा पेशंट ओरडून राहिला. ताप डोक्यात गेला वाटते." सगळं थिएटर हसलं. मध्यंतरात डोअरकीपर माझ्यापाशी आला. वाटलं, आता कॉलर धरणार. तो म्हणाला, "सरांनी सांगितलं, बसू द्या त्याले."

तिसऱ्या अंकात एकेक पुरावा डॉक्टरवर येतोय, लोक एकमेकांना कोपर मारतायत, पोट्टा बरोबर बोलला म्हणून. ती डॉक्टरकडे बोट दाखवणार, तोच तुम्ही काठी खाली ठेवता. "पोरी, त्यांना सोड. औषधाची बाटली मी बदलली. तीस वर्षं या घरात मला कुणी बस म्हटलं नाही." संहितेत खुनी डॉक्टरच होता, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती तुमच्याकडे बघत राहिली, मग खरंच रडली. बाई माझ्याकडे वळल्या, "तू तं निरा येडा निघाला गा! म्हाताऱ्यानं मारलं!" टाळ्या थांबेनात. हा माणूस निर्दोष आहे, हे प्रेक्षकांत फक्त मला माहीत होतं.

नाटक सुटल्यावर तुम्ही मला सायकल स्टँडवर गाठलंत. एक मिशी निघालेली, एक तशीच. मी थोबाडीत खायच्या तयारीनं उभा. "काहून बे डॉक्टर? एवढं पाठ राहते तुले, मग परीक्षेले काहून नाही बसत? सोमवारी ये. प्राचार्यांशी मी बोलतो." खांद्यावर हात ठेवलात, त्याला ग्रीजपेंटचा वास होता. मी हो म्हणून मान हलवली.

तुम्ही गेल्याचं मला तेरवी उलटल्यावर कळलं. आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाचा आहे. नाटकाला जातो, अजून मागच्याच रांगेत बसतो. एखादा म्हातारा नोकर स्टेजवर आला की वाटतं, हा आता संहिता सोडेल, कुणासाठी तरी. अजून कुणी सोडली नाही. तिचा चेहरा पुसट झालाय, सर. तुमची ती एकच मिशी नाही झाली.

हे पत्र कुठे टाकायचं? पण एक सांगायचं राहिलं. सोमवारी ड्युटी लागली म्हणून आलो नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मी आलो होतो. कॉलेजच्या गेटसमोरच्या पानठेल्यावर दोन तास उभा होतो, ती बाहेर येईल म्हणून. ती आली नाही. तुम्ही दोनदा आलात, उन्हात डोळ्यांवर हात धरून रस्ता पाहिलात, आणि दोन्ही वेळा मी ठेल्यामागे सरकलो.